भरल्या पावाची कुळकथा

राजांच्या लढायांना इतिहासाच्या पुस्तकांत जेवढी पाने मिळाली, तेवढी पाने माणसाच्या पोटाला मिळाली नाहीत. वास्तविक कोणत्याही समाजाची खरी ओळख त्याच्या ताटावरून पटते. कोणते धान्य पिकले, कोणते विकत आणावे लागले, कोणाच्या हातचे खाल्ले आणि कोणाच्या हातचे नाकारले, हे सारे ताट बोलून दाखविते. म्हणून विद्यार्थी मित्रांनो आणि पालक बंधु-भगिनींनो, आज आपणांपुढे एका साध्या पदार्थाची कुळकथा मांडावयाची आहे. तो पदार्थ म्हणजे भरला पाव.

मैद्याच्या मळलेल्या गोळ्यात कीमा, बटाटा, उकडलेले अंडे किंवा डाळीचे तिखट सारण भरावयाचे, गोळा फुगू द्यावयाचा आणि मग तो भाजावयाचा. एवढीच त्याची कृती. रमजानच्या इफ्तारीत, ईदच्या पाहुणचारात किंवा मुलांच्या डब्यात हा पाव सहज शोभून दिसतो. परंतु आपला लोहारा-उमरग्याचा मुलूख हा ज्वारीच्या भाकरीचा मुलूख. येथे असा पाव घरच्या चुलीपर्यंत पोहोचावयास इतका काळ का लागला, हा प्रश्न विचारून पाहिला म्हणजे सातआठशे वर्षांचा इतिहास आपोआप उलगडू लागतो.

भरल्या पावाला तीन गोष्टी लागतात : गहू, खमीर आणि भट्टी. या तिन्ही गोष्टी आपल्या घरात कधी एकत्र आल्या नाहीत. एक होती तर दुसरी नव्हती. त्याचीच ही हकीकत आहे.

भाकरीचा मुलूख

प्रथम धान्याचा विचार करू. आपल्या काळ्या रानात शाळू उत्तम पिकतो. परंतु ज्वारीच्या पिठाला चिकी नसते. गव्हाच्या पिठात पाणी घालून मळले की त्यातील ग्लुटेन नावाच्या द्रव्याची लवचिक जाळी तयार होते. खमिरातून निघणारा वायू या जाळीत अडकतो आणि कणीक फुगते. ज्वारीच्या पिठात ही जाळी मुळी बनतच नाही. म्हणून तर आपल्या माताभगिनी पिठात कढत पाणी घालून ते बांधून घेतात आणि भाकरी लाटण्याऐवजी हाताने थापतात. अशा पिठाचा पाव होत नाही आणि त्यात सारणही भरता येत नाही. गहू हा सणावाराचा, पाहुण्यारावळ्यांचा. पुरणपोळी, कानवले, दिंडे ही गव्हाची भरलेली पक्वान्ने ठरावीक दिवशीच होत. रोजच्या भाकरीबरोबर सारण ताटात वेगळे, कोरड्यासाच्या रूपाने बसे.

याचा अर्थ भरलेल्या रोटीची कल्पना आपल्या भागाला नवी होती असे मुळीच नाही. आपल्यापासून फार दूर नसलेले बसवकल्याण, म्हणजे जुने कल्याणी, ही चालुक्य राजांची राजधानी. तेथील राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात, इ. स. ११२९ च्या सुमारास, ‘मानसोल्लास’ नावाचा संस्कृत ग्रंथ रचला. त्यात राजाच्या भोजनाचे मोठे प्रकरण आहे आणि गव्हाच्या पदार्थांत मांडक, पोलिका, अंगारपोलिका अशी नावे येतात. मांडक म्हणजे आपले मांडे, पोलिका म्हणजे पोळी आणि अंगारपोलिका म्हणजे निखाऱ्यावर भाजलेली पोळी. पालथ्या खापरावर मांडे भाजण्याची रीत महाराष्ट्रात आजही आहे. म्हणजे गहू होता, कसबही होते. मात्र भाजण्याचे साधन होते ते तवा, खापर आणि निखारा. चहूबाजूंनी बंद अशी भट्टी घरात नव्हती.

नान, कुलचा आणि समोसा

इ. स. १३२७ मध्ये सुलतान महंमद तुघलकाने दिल्लीची राजधानी देवगिरीस हलविली आणि तिचे नाव दौलताबाद ठेविले. त्याच्या लष्कराबरोबर आणि दरबाराबरोबर तंदूर, नानबाई आणि भटियारे दख्खनेत आले, अशी औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, पूर्वापार समजूत आहे. तेथील प्रसिद्ध नान-खलिया याच काळाची आठवण म्हणून सांगितला जातो. याच सुलतानाच्या पदरी काही वर्षे राहिलेला मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता याने दरबारी जेवणाचे वर्णन लिहून ठेविले आहे. बारीक केलेले मांस, बदाम, पिस्ते, कांदा आणि मसाले घालून केलेले सारण पातळ पोळीत गुंडाळून तुपात तळतात, असे तो ‘संबूसक’ या पदार्थाविषयी सांगतो. हाच आपला समोसा.

येथे एक गोष्ट मुद्दाम ध्यानात घ्यावी. मध्य आशियात हाच पदार्थ ‘समसा’ या नावाने ओळखला जातो आणि तेथे तो तंदुराच्या भिंतीला चिकटवून भाजतात. म्हणजे समसा हा एक प्रकारे भरला पावच होय. हिंदुस्थानात येताच तो भट्टीतून निघून कढईत पडला. माळव्याच्या मांडू येथील सुलतानांसाठी इ. स. १५०० च्या आसपास ‘निमतनामा’ नावाचा पाकग्रंथ तयार झाला. त्याची सचित्र प्रत आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे आणि त्यात समोशाचे अनेक प्रकार दिलेले आहेत. पुढे हैदराबादेत चौकोनी, कीमा भरलेली ‘लुखमी’ लग्नाच्या दस्तरखानावर मानाने बसली. लुकमा म्हणजे घास. लुखमीही तळलेलीच.

असे का झाले असावे? याचे उत्तर भट्टीत आहे. तंदूर किंवा विटांची भट्टी एकदा तापवावयाची म्हणजे पुष्कळ जळण लागते. तापल्यावर ती तासन् तास उष्णता धरून ठेवते. शेकडो नान भाजावयाचे असतील तर हा खर्च परवडतो, एका कुटुंबाच्या दहा नानांसाठी तो परवडत नाही. म्हणून भट्टी बाजारात राहिली आणि घरात कढई व तवा राहिले. दरबाराच्या मुदपाकखान्याची गोष्ट निराळी. अबुल फजलने ‘आईने अकबरी’त मोठ्या नानाचे प्रमाण दिले आहे ते असे : पीठ १० शेर, दूध ५ शेर, तूप दीड शेर आणि मीठ पाव शेर. ही काही घरगुती कृती नव्हे!

आपल्या निजामी मुलखात तर नानाच्या धाकट्या भावाला, कुलच्याला, राज्याच्या निशाणावर जागा मिळाली अशी आख्यायिका आहे. पहिला आसफजहा निजाम-उल-मुल्क हा औरंगाबादेत हजरत निजामुद्दीन औरंगाबादी यांच्या भेटीस गेला असता त्यांनी त्याला कुलचे खावयास दिले. त्याने सात खाल्ले आणि तुझ्या सात पिढ्या राज्य करतील असा आशीर्वाद मिळाला, असे सांगतात. आसफजाही ध्वजावरील वर्तुळ हे त्या कुलच्याचे चिन्ह मानले जाते. आख्यायिका ती आख्यायिकाच. परंतु १७२४ साली आजच्या बुलढाणा जिल्ह्यातील साखरखेर्डा येथे लढाई जिंकून या घराण्याने दख्खनेत आपला अंमल बसविला, आणि १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत लोहारा, उमरगा, नळदुर्ग हा आपला सारा प्रदेश त्याच राज्यात होता, हा इतिहास आहे.

समुद्रावरून आलेला पाव

नान जमिनीवरून आला तर पाव समुद्रावरून आला. पोर्तुगीजांनी १५१० साली गोवा जिंकला. त्यांना गव्हाच्या फुगलेल्या रोटीची सवय. येथे त्यांचे खमीर मिळेना, तेव्हा माडाची ताडी घालून पीठ आंबविण्याची रीत पडली. ‘पाव’ हा शब्द पोर्तुगीज ‘पांव’ या शब्दावरून आला. पायाने तुडवून करतात म्हणून तो पाव, ही समजूत आपल्याकडे पुष्कळांच्या मनात बसलेली आहे. तिला आधार नाही. पण अशी समजूत पसरावी हेच बोलके आहे. कारण पाव आला तो परक्या हातचा म्हणून आला.

वाचकहो, आपल्या समाजजीवनात भाकरीपेक्षा भाकरी करणारा हात अधिक तपासला गेला. पाव खाल्ला म्हणून माणूस बाटला, असे मानणारा एक काळ होता. त्याचाच उपयोग सुधारकांनी उलट्या दिशेने केला. दादोबा पांडुरंग आणि त्यांचे सहकारी यांनी मुंबईत १८४९ च्या सुमारास परमहंस सभा स्थापन केली. सभेत प्रवेश करणाऱ्याने ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खावयाचा आणि मुसलमानाच्या हातचे पाणी प्यावयाचे, अशी तिची परीक्षा होती. सभा गुप्त होती. सभासदांची नावे फुटली तेव्हा, १८६० मध्ये, ती मोडली. पुढे १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा-बिस्किटे घेतल्याबद्दल न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक यांच्यासारख्यांवर ग्रामण्याचे गंडांतर आले. एका घोट चहासाठी आणि एका बिस्किटासाठी एवढे रणकंदन झाले, हे आज खरे वाटणार नाही. पण पावाचा इतिहास म्हणजे अन्न कोणाच्या हातचे घ्यावे या प्रश्नाचाही इतिहास आहे.

आणि या प्रश्नाचे उत्तर सभांपेक्षा बेकऱ्यांनी अधिक शांतपणे दिले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व त्यानंतर इराणच्या यझ्द, किरमान भागातून आलेल्या लोकांनी मुंबईत हॉटेले आणि बेकऱ्या काढल्या. त्यांत जरथुश्ती होते तसे मुसलमानही होते. गोव्याचे ख्रिस्ती पाववाले तर होतेच. गिरणीत राबणाऱ्या कामगाराला सकाळी चहाबरोबर पाव लागे. तो कोणी भाजला, हे विचारावयास त्याला सवडही नव्हती आणि हळूहळू इच्छाही उरली नाही.

भाजणारा एक, भरणारा दुसरा

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येऊ. महाराष्ट्रातील पावाचे प्रकार डोळ्यांसमोर आणा. कीमा-पाव, आम्लेट-पाव, वडापाव, गोव्याकडचा चोरीस-पाव. या सर्वांत एक गोष्ट समान आहे. पाव आधी भाजला जातो आणि सारण नंतर भरले जाते, किंवा शेजारी वाढले जाते. १९६६ च्या सुमारास दादर स्थानकाबाहेर अशोक वैद्य यांनी वडापाव विकावयास सुरुवात केली असे सर्वत्र मानले जाते. तेथेही पाव बेकरीचा आणि वडा कढईतला. भट्टी एकाच्या मालकीची आणि सारण दुसऱ्याच्या हातचे. कच्च्या गोळ्यात सारण भरून मग भाजावयाचे असेल तर दोन्ही गोष्टी एकाच छपराखाली हव्यात. तशा त्या फक्त बेकरीत होत्या. म्हणून असा भाजलेला भरला पदार्थ आपल्याला माहीत झाला तो बेकरीच्या काचेच्या कपाटातील पॅटिसच्या रूपाने.

तरीही घर आणि भट्टी यांच्यामध्ये एक सुंदर पूल होता. आपल्यापैकी पुष्कळ पालकांना तो आठवत असेल. दिवाळीला आणि ईदला घरून रवा-मैदा, साखर, डालडा घेऊन बायामुले बेकरीत जात. तेथे पीठ मळून नानकटाई पत्र्यावर मांडावयाची आणि भट्टीवाल्याने ती भाजून द्यावयाची. मजुरी किलोवर. एकाच भट्टीत, एकापाठोपाठ एक, वेगवेगळ्या घरांचे पत्रे जात. कोणाच्या पत्र्याशेजारी कोणाचा पत्रा आला, याची चौकशी कोणी केल्याचे ऐकिवात नाही. चिंता असे ती एवढीच, की आपली नानकटाई दुसऱ्याच्या डब्यात जाऊ नये. अरब देशांतही मोहल्ल्याची सार्वजनिक भट्टी असे आणि घरोघरची रोटी तेथे भाजली जाई. भट्टी ही अशी शेजारधर्माची जागा होती.

दुष्काळ आणि गहू

आता उरला गहू. आपल्या जिल्ह्यात गहू रोजच्या ताटात आला त्यामागे आनंदाची कथा नाही. स्वातंत्र्यानंतर देशात धान्याचा तुटवडा होता. अमेरिकेचा १९५४ चा ‘पी. एल. ४८०’ हा कायदा आणि त्याअन्वये १९५६ साली झालेला करार यांमुळे परदेशी गहू रेशनच्या दुकानांत येऊ लागला. १९६५ साली केंद्र सरकारने मॉडर्न बेकरीज ही कंपनी काढली आणि कागदात गुंडाळलेला ब्रेड शहरांत ओळखीचा झाला. पुढे हरितक्रांतीने देशाचा गहू वाढविला. दरम्यान १९७२ चा दुष्काळ पडला. ज्वारीच्या या मुलखात ज्वारी पिकली नाही. लोकांनी खडी फोडली, लाल मिलो खाल्ली आणि सुकडीवर मुले जगविली. ज्यांनी ते दिवस काढले त्यांना भाकरीच्या तुकड्याची किंमत शिकवावी लागत नाही.

अशा रीतीने गहू आला. खमिराचे कोडे तर त्यापूर्वीच सुटले होते. आंबणे ही क्रिया सूक्ष्म जिवंत पेशींमुळे घडते हे फ्रान्सच्या लुई पाश्चरने १८५७ पासूनच्या आपल्या संशोधनात दाखवून दिले. आज वाळविलेले यीस्ट पाकिटात मिळते. आणि शेवटी भट्टीही घरात आली. विजेचा छोटा ओव्हन नसला तरी गॅसच्या शेगडीवर जाड बुडाचे पातेले भट्टीचे काम करू शकते. आठशे वर्षे वेगवेगळ्या ठिकाणी राहिलेल्या तिन्ही गोष्टी एका ओट्यावर आल्या.

घरची कृती

इतिहास नुसता वाचावयाचा नसतो, तो करूनही पाहावयाचा असतो. म्हणून प्रमाण देतो. यातून सुमारे १४ पाव होतात.

मैदा ५०० ग्रॅम, वाळविलेले यीस्ट ७ ग्रॅम, साखर एक मोठा चमचा, मीठ दीड लहान चमचा, तेल किंवा पातळ तूप ५० ग्रॅम आणि दूध-पाणी मिळून ३०० मिलिलिटर. दूध-पाणी बोट सोसेल इतकेच कोमट असावे. साखर व यीस्ट त्यात घालून दहा मिनिटे ठेवावे. वर फेस आला तर यीस्ट जिवंत आहे. फेस नाही आला तर मैदा वाया घालवू नये, नवे यीस्ट आणावे. मीठ मैद्यात मिसळावे, यीस्टवर थेट टाकू नये. मग दहा-बारा मिनिटे चांगले मळावे. गोळा मऊ व गुळगुळीत झाला म्हणजे तेलाचा हात लावून ओल्या फडक्याखाली ठेवावा. उन्हाळ्यात पाऊण-एक तासात आणि हिवाळ्यात त्याहून अधिक वेळाने तो दुप्पट होतो. घड्याळापेक्षा पिठाकडे पाहावे.

सारणास सुमारे ४०० ग्रॅम कीमा किंवा बटाटा घ्यावा. कांदा, आले-लसूण, हिरवी मिरची, कोथिंबीर आणि आवडीचा मसाला घालून पूर्ण शिजवावे व पाणी पार आटवावे. ओले सारण पावाचे बूड कच्चे ठेविते. सारण थंड झाल्यावरच भरावे, कारण सुमारे ६० अंश उष्णतेला यीस्ट मरते. पिठाचे ६० ग्रॅमचे गोळे करून प्रत्येकात ३० ग्रॅम सारण भरावे, पुरणपोळीच्या उंड्यासारखे तोंड नीट मिटावे आणि जोड खाली ठेवून पाव पत्र्यावर मांडावेत. आणखी अर्धा तास फुगू द्यावे, वरून दुधाचा किंवा फेटलेल्या अंड्याचा हात फिरवावा आणि २०० अंश तापलेल्या ओव्हनमध्ये १८ ते २० मिनिटे भाजावेत.

ओव्हन नसल्यास जाड पातेल्यात वाटीभर मीठ पसरावे, त्यावर अडणी ठेवावी, झाकण घालून दहा मिनिटे तापवावे आणि पावांची ताटली आत ठेवून मध्यम-मंद आचेवर २५ ते ३० मिनिटे भाजावे. वरची बाजू पांढरी राहिली तर शेवटी तव्यावर पालथी घालून क्षणभर शेकावी.

दोन शब्द

विद्यार्थी मित्रांनो, ही कृती कोणा एका जातीची किंवा एका धर्माची नाही. उंडा भरून तोंड मिटण्याची रीत पुरणपोळी करणाऱ्या हातांनी सांभाळली, सारण इराण-तुराणातून आले, पाव पोर्तुगीजांनी आणला, भट्टी गोवेकरांनी आणि इराण्यांनी पेटती ठेविली, खमिराचे मर्म एका फ्रेंच शास्त्रज्ञाने उकलले. या साखळीतील एक हात जरी परका म्हणून आपण झिडकारला, तरी आपल्या ताटात पाव उरत नाही. उद्या कोणी आपल्याला अमक्याच्या हातचे खाऊ नका असे सांगावयास आला, तर त्याला पावाचा हा इतिहास जरूर ऐकवावा.

आणि पालकहो, आपणांसही एक विनंती आहे. निमतनामा लिहिला गेला तो सुलतानासाठी. आपल्या घरांतील अम्मी, नानी, दादी यांचे कसब कोणी लिहून ठेविले नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपाने सास्तूर आणि आसपासची गावे क्षणात कोसळविली, हे आपण विसरलेलो नाही. घर पडते तेव्हा चूल जाते, आणि घरातील जाणते माणूस गेले म्हणजे तोंडी चालत आलेली रीतही त्याच्याबरोबर जाते. घर पुन्हा बांधता येते, रीत पुन्हा आणता येत नाही. म्हणून आपल्या मुलीला आणि मुलालाही एक वही द्या. घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांजवळ बसवून त्यांच्या कृती वजनामापासह, तारीख घालून, लिहून घ्यावयास सांगा. मूठभर म्हणजे किती, चिमूटभर म्हणजे किती, हे तराजूवर मोजावयास सांगा. त्यात गणित आहे, रसायनशास्त्र आहे आणि इतिहासही आहे. ज्या मुलीने पीठ का फुगते हे जाणून पाव भाजला, तिने नुसता स्वयंपाक केला नाही, ती एक विद्या शिकली. त्या विद्येवर तिला पुढे चार पैसे मिळवावेसे वाटले, तर तिच्या पाठीवर हात ठेवा.

एवढे केले आणि भाजलेल्या १४ पावांपैकी चार शेजारच्या घरी पाठविले, म्हणजे ही कुळकथा आपल्या गल्लीत पुढे चालू राहील.